सीताफळ कडू, आम्रखंडाला पाणी, स्ट्रॉबेरीने दूध फाटलं... घरच्या फळांच्या गोडाचं नक्की कुठे चुकतं?

ठाण्याच्या एका मुलीने विचारलंय, काकू, मी तीन वर्षं झाली सीझनची फळं आणून घरी डेझर्ट करते आणि दरवेळी काहीतरी बिनसतंच, दिवाळीत सीताफळ बासुंदी कडवट लागली, अक्षय्य तृतीयेच्या आम्रखंडाला दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं, आणि जानेवारीत महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेऱ्या खिरीत घातल्या तर अख्ख्या पातेल्याचं पनीर झालं. रेसिपी तर तंतोतंत पाळते, मग दुकानातलंच कसं जमतं, तिथे सगळा इसेन्सच असतो का? आणि घरचं असं गोड किती दिवस टिकतं?

इसेन्स असतो बऱ्याच ठिकाणी, पण ते सोड. मी कोथरूडला घरून गोडाच्या ऑर्डरी घेते त्याला यंदा २२ वर्षं झाली आणि तू सांगितलेल्या तिन्ही चुका मी स्वतः केल्यात, एक चौथी तर लोकांचे पैसे घेऊन केलीये, ती पुढे सांगते. तुझी रेसिपी चुकत नाहीये गं. गंमत अशी आहे की आपल्या बहुतेक रेसिप्या दुधाच्या असतात, फळ त्यात शेवटी एका ओळीत येतं, 'आता फळाचा गर घाला' एवढंच, आणि सगळा घोळ त्या एका ओळीत असतो. कारण फळ म्हणजे साखर आणि वास एवढंच नसतं ना, त्यात पाणी असतं, आंबटपणा असतो आणि काही काही फळांत दूध पचवून टाकणारा रस असतो. फळ कुठलं आहे ते बघून त्याला आधी शिजवायचं, आटवायचं की विस्तवाच्या जवळपासही न्यायचं नाही, हे ठरवावं लागतं. हे एकदा कळलं की रेसिपी बघायचीसुद्धा गरज पडत नाही.

सीताफळापासून सुरू करते कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. सीताफळ तापवायचं नाही. अजिबात नाही. गर तापला की कडवटपणा उतरतो आणि रंगही मळकट गुलाबी-तपकिरी होतो, मग तू त्यात कितीही साखर घाल, तो कडूपणा घशात मागे राहतोच. तू बहुतेक उकळत्या बासुंदीत गर घालून 'एक उकळी' आणली असणार, हो ना? बासुंदी आधी पूर्ण करायची, म्हणजे दीड लिटर म्हशीचं दूध निम्म्यावर आटवायचं, साखर नेहमीपेक्षा कमी घालायची, चार-पाच मोठे चमचे पुरेत, कारण फळ गोड आहे, मग गार करायची आणि नुसती गार नाही तर फ्रीजमधे चार तास ठेवून चांगली थंडगार करायची, आणि वाढायच्या तासभर आधी तीन मध्यम सीताफळांचा गर नुसता डावाने हलवून मिसळायचा. वेलदोडा घालू नकोस. हे माझं मत, माझ्या नणंदबाईंना पटत नाही, पण सीताफळाला स्वतःचा एवढा नाजूक वास आहे की वेलदोड्याने तो मरतो.

आणि गर काढताना मिक्सर नको. मला माहितीये सगळे व्हिडिओत मिक्सर एकदा फिरवून घ्या म्हणतात, पण एखादी जरी बी फुटली तरी कडू होतं आणि त्या बियांमधे विषारी अंश असतो, डोळ्यात गेलं तर फार वाईट, त्यामुळे तो धोका घ्यायचाच कशाला. मोठ्या भोकाच्या चाळणीवर गर टाक आणि हाताने नाहीतर लाकडी डावाने हलकेच फिरव, बिया वर राहतात. सालीला लागून जो रवाळ, वाळूसारखा थर असतो तो खरवडून घेऊ नकोस, दाताखाली कचकच येतो तो तोच. फळं घेताना डोळे उघडलेली घ्यायची, म्हणजे खवल्यांच्या मधल्या फटी रुंद होऊन पिवळट-पांढऱ्या दिसायला लागलेली, ती घरी दोन-तीन दिवसांत पिकतात. कच्चं सीताफळ फ्रीजमधे ठेवलंस तर ते पिकत नाही, नुसतं काळं पडतं. आमच्याकडे पुण्यात सासवडकडचं येतं पावसाळा अर्धा झाला की, तिकडे बीडकडची बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं असतात, त्यांना २०१६ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालाय, लहान असतात पण गोडीला काय सांगू. मिळाली तर सोडू नकोस.

आता स्ट्रॉबेरी. ही आंबट आहे, कितीही लाल असली तरी आंबट आहे, आणि दूध आंबटाला फाटतं, तापलेलं तर आणखी लवकर, हे तर आपण लिंबू पिळून पनीर करतो तेव्हा मुद्दाम करतोच. त्यामुळे स्ट्रॉबेरीची खीर, स्ट्रॉबेरी बासुंदी या नादाला लागूच नकोस, जमलीच तर बेताची होते. स्ट्रॉबेरी घालायची ती चक्क्यात, नाहीतर घट्ट क्रीममधे. चक्का म्हणजे आधीच विरजलेलं दूध, ते आणखी काय फाटणार! पाव किलो स्ट्रॉबेरी चिरून तीन-चार चमचे साखर घालून अर्धा तास ठेव, भरपूर रस सुटतो, तो रस टाकायचा नाही, फळासकट पसरट पॅनमधे मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं आटवायचा, पूर्ण गार करायचा आणि मग मिसळायचा. मोठ्या आचेवर यासाठी की मंद आचेवर रंग जातो आणि शेवटी जॅमचा वास यायला लागतो. डिसेंबरच्या पहिल्या फळापेक्षा फेब्रुवारीतलं मला जास्त आवडतं, थंडी जरा मुरल्यावरचं. आतून पांढरी, पोकळ निघाली तर ती मिल्कशेकला वापर, या कामाला नको.

नागपुरी संत्रंही असंच आंबट, पण हे तर तापवायचंही नाही, गरम दुधात तर मुळीच नाही, आणि त्यात अजून एक खोच आहे, रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट व्हायला लागतो, पांढऱ्या सालीत आणि बियांत तो कडूपणा असतो. म्हणून रस न काढता फोडी सोलून, बिया काढून, थंड रबडीत वाढताना घालायच्या, आणि सालीचा वरचा नारिंगी भाग तेवढा किसणीवर अगदी हलका किसून दुधात टाकायचा, सगळा वास तिथे असतो.

ती चौथी चूक सांगते. २००६ की ०७ साल असेल, एका डोहाळजेवणाची ऑर्डर होती, पाच किलो अननस श्रीखंड. मी ताजा अननस आणला, बारीक चिरला, चक्क्यात घातला, चव बघितली, अप्रतिम! रात्री डबे फ्रीजमधे. सकाळी सहज बोट लावून बघितलं तर कडू. नुसतं कडू नाही, पातळही झालेलं, कडेने पिवळं पाणी. मला वाटलं चक्का खराब होता, दूधवाल्याला उगाच बोलले, बिचारा. नंतर कळलं की ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करत बसतं आणि ते तुकडे कडू लागतात. लगेच खाल्लं तर काही कळत नाही, रात्रभर ठेवलं की संपलं. त्या दिवशी मी दहा वाजेपर्यंत साधं केशर श्रीखंड करून दिलं, अननसाचे पैसे घेतले नाहीत आणि जेवणाला थांबलेसुद्धा नाही लाजेने.

उपाय एकदम सोपा आहे, अननस आधी साखरेत शिजवून घ्यायचा, बारीक तुकडे, बुडेल इतपत साखरपाणी, दहा मिनिटं चांगला खळखळून, की ते एन्झाइम मरतं. आपल्या अननसाच्या शिऱ्यात तो पाकात शिजतोच, त्यामुळे तिथे कधी हा त्रास होत नाही बघ. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो चालतो. किवीचं असंच, कच्च्या पपईचं असंच, आणि अंजिराचंही, जे कोणाला माहीत नसतं. अंजिराच्या देठाला जो पांढरा चीक येतो ना तो दूध फाडतो, पूर्वी काही देशांत चीज करायला तो वापरायचे. पुरंदरचं ताजं अंजीर एवढं सुरेख असतं की त्याची बासुंदी करायचा मोह होतोच, तर देठ जरा जास्त कापून टाक, फोडी दोन चमचे पाण्यात नि चमचाभर साखरेत पाच-सात मिनिटं वाफव, गार कर, मग खुशाल दुधात घाल. अंजीर मिल्कशेक करून लगेच प्यायला तर यातलं काही करायची गरज नाही, पण ग्लास भरून तासभर गप्पा मारत बसायचं नाही.

जेली किंवा पुडिंग करतेस का माहीत नाही, पण करत असशील तर जिलेटिन ताज्या अननसात सेट होतच नाही, कारण तेच, जिलेटिन हेही प्रथिनच. चायना ग्रासला काही होत नाही, ते समुद्री शेवाळाचं असतं. फक्त चायना ग्रास पाण्यात पूर्ण, म्हणजे एकही धागा दिसणार नाही इतकं विरघळू दे, आणि फळाचा रस गॅस बंद केल्यावर घाल, तोही फ्रीजमधला गारेगार नको, नाहीतर घालता घालताच गुठळ्या धरतात.

आता आंबा. यावर मी रात्रभर बोलू शकते, आवरतं घेते.

तुझ्या आम्रखंडाला पाणी सुटलं कारण तू रस तसाच घातलास. हापूसचा रस कितीही दाट दिसला तरी त्यात बहुतेक पाणीच असतं, आणि वर साखर घातली की ती आणखी पाणी ओढते. दुसरं म्हणजे चक्का. बाजारचा चक्का घेतला असशील तर तो पुन्हा कापडात बांधून दोन-तीन तास टांग, बघ किती पाणी गळतं ते, पाण्याच्या भावात चक्का घेतो आपण. घरी दही लावलंस तर ते आंबट होऊ द्यायचं नाही, लागलं की लगेच टांगायचं, उन्हाळ्यात तर फ्रीजमधेच टांगायचं (मी फ्रीजमधल्या वरच्या जाळीला पंचा बांधते, खाली पातेलं, घरच्यांना पाण्याची बाटली ठेवायला जागा उरत नाही, असो). एक किलो दह्याचा निम्म्याहून थोडा कमीच चक्का निघाला पाहिजे, जास्त निघाला तर तो चक्का नाही, ते जाड दही आहे.

रस आटवायचा. दोन वाट्या रस आटवून एक वाटी करायचा, जाड बुडाच्या स्टीलच्या नाहीतर नॉनस्टिक कढईत, लोखंडाची कढई घेऊ नकोस, काळा पडतो. तो शेवटी शेवटी फार उडतो, हातावर उडाला की चांगला भाजतो, म्हणून लांब दांड्याचा उलथना घे आणि वर जाळीचं झाकण ठेव. डाव फिरवल्यावर कढईचा तळ दोन क्षण दिसला की झालं. पण, आणि हे महत्त्वाचं आहे, आटवताना हापूसचा वास बराच उडून जातो. म्हणून मी सगळा रस आटवत नाही, एका आंब्याच्या बारीक फोडी ताज्या ठेवते आणि त्या वाढायच्या आधी मिसळते. अर्धा किलो चक्का, एक वाटी आटवलेला रस, पाव किलोच्या आसपास पिठीसाखर, कमी-जास्त आंब्यावर. आधी चक्का आणि साखर मिसळून अर्धा तास ठेवायचं, मग पुरणयंत्रातून काढायचं. हँड ब्लेंडर लावलास की पातळ झालंच म्हणून समज, चक्क्याचा सगळा पोत मोडतो. पुरणयंत्र नसेल तर पिठाच्या चाळणीवर वाटीने घास, हात दुखतो, पण जे मऊपण येतं त्याला तोड नाही.

आंबा कोणता घ्यायचा यावर घराघरात भांडणं आहेत. माझं म्हणणं, आम्रखंडाला, वडीला हापूस, कारण गर घट्ट आणि रेषा नाहीत. नुसता आमरस पोळीशी खायचा तर पायरी, किंवा पायरीत दोन हापूस, पायरीला जो आंबटगोड झटका आहे तो हापूसला नाही. हापूस संपत आला की केशर येतो, आईस्क्रीमला तो मला हापूसपेक्षाही बरा वाटतो, गोठवला तरी चव टिकते त्याची. पेटी घेताना आंबे सगळे एकसारखे पिवळेजर्द असतील तर मी घेत नाही, अढीत गवतात पिकलेला आंबा असा एका दिवसात सगळा एकदम रंगत नाही, कार्बाइडने पिकवायला बंदी असली तरी प्रकार चालतात. आणि साका बघायचा, हापूसला बाहेरून काही कळत नाही पण आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग असतो तो साका. म्हणून कधीही सगळे आंबे एकाच पातेल्यात पिळायचे नाहीत, एकेक कापून, चाखून मग पातेल्यात. एका साक्याच्या आंब्याने दोन डझनांचा रस घालवलेला मी पाहिलाय.

परदेशातून माझ्या भाचीचा दर वर्षी फोन येतो, मावशी डब्यातल्या पल्पचं आम्रखंड कसं करू. डब्यावर आधी वाच बाई, बहुतेक डब्यांत साखर आधीच असते, ती तशीच धरून वर रेसिपीची साखर घातली की किटकिटीत गोड होतं. आणि तोही आटवावाच लागतो. चक्का नसेल तर तिकडचं घट्ट ग्रीक योगर्ट घे, पण तेसुद्धा कापडात बांधून रात्रभर टांग.

सगळंच दुधात घालायला हवं असं कुठे आहे पण? आपल्या आज्यांनी फळ दुधात फारसं घातलंच नाही बघ, त्यांनी ते गुळात घातलं, तांदळात घातलं, तुपात घातलं. सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं तुपावर परततात, तिथे ना काळं पडतं ना पाणी सुटतं. आणि फणसाची सांदणं! कोकणात माझ्या माहेरी मे संपता संपता बरका फणस पिकला की सांदणं ठरलेली. कापा फणस याला चालत नाही, त्याचे गरे खुसखुशीत असतात, रस निघत नाही, बरकाच लागतो, लिबलिबीत, शहरात कोणी फुकट दिला तरी घेत नाहीत तो. हाताला नि सुरीला खोबरेल लावायचं नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. गरे रोवळीवर घासून रस काढायचा, रोवळी नसेल तर मोठ्या चाळणीवर, मिक्सरमधे दोरे तसेच राहतात. धुवून वाळवलेल्या तांदळाचा जाडसर रवा, इडली रवाही चालतो, एक वाटी, तो जरासा भाजून घ्यायचा, त्यात सव्वा वाटी रस, अर्धी वाटी चिरलेला गूळ, मिठाची कणी, लागेल तसं नारळाचं दूध, इडलीच्या पिठाहून किंचित घट्ट. तासभर भिजू द्यायचं, रवा रस पितो, मग पुन्हा बघायचं घट्ट झालंय का. वाट्यांना तूप लावून वीस मिनिटं वाफवायची. इनो-सोडा माझी आई कधी घालायची नाही, मीही घालत नाही, सांदण इडलीसारखं फुगायला नकोच आहे, ते जरा दमदारच असतं. वर नारळाचं दूध नाहीतर साजूक तूप. हे गोड चुकणं जवळजवळ अशक्य आहे, नवीन शिकणाऱ्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी, पण सगळ्यांना आधी चीजकेक करायचा असतो! बरका मिळाला नाही तर आंब्याच्या रसाची पण होतात, चांगली होतात.

जांभळं दुधात घालू नकोस, तुरट होतं, त्यांचं नुसतं साखर-मीठ घालून बर्फाचं सरबत किंवा काडीवरची कुल्फी बरी. ताडगोळे फक्त सोलून थंड रबडीत, शिजवले की चिवट. पेरूचा गर गाळून आईस्क्रीम कर आणि वर तिखट-मीठ भुरभुर, मुलं वेडी होतात. कलिंगडाचं डेझर्ट करायच्या भानगडीत मी पडत नाही, ते कापून खायचं फळ आहे.

किती दिवस टिकेल असंही विचारलं होतंस. सीताफळ घातलेली बासुंदी त्याच दिवशी संपव, फार तर दुसऱ्या दिवशी. आम्रखंड रस आटवलेला असेल तर फ्रीजमधे चार दिवस छान राहतं, ताज्या फोडी घातल्या असतील तर दोनच दिवस. सांदणं त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी कडक होतात, पुन्हा वाफवावी लागतात. ऑर्डरीसाठी मी आटवलेला आंबा आणि सीताफळाचा गर छोट्या छोट्या डब्यांत फ्रीझ करते, एकदा काढला की परत गोठवायचा नाही म्हणून छोटे डबे, आंबा पुढचा सीझन येईपर्यंत राहतो, सीताफळ तीनेक महिने, त्यापुढे वास जातो. फक्त प्रत्येक डब्यावर नाव आणि तारीख चिकटव. गोठलेलं सीताफळ आणि गोठलेलं नारळाचं दूध दिसायला अगदी सारखं असतं, आणि एका रविवारी आमच्याकडे पाहुण्यांना मी सीताफळाची सोलकढी वाढलेली आहे.